घरदुरुस्ती : बोलक्या चुका आणि मुक्या चुका



वसंतातील या व्यासपीठावर राज्यशास्त्र, वेदान्त, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची नेहमी ये-जा असते. तेथे गळका नळ हातात घेऊन येणारा वक्ता आपणांस काहीसा विजोड वाटला, तर त्यात नवल नाही. मी विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी मला अदबीने विचारले, "यावर तासभर बोलण्यासारखे आहे काय?" मी त्यांना उलट विचारले, "आपल्या न्हाणीघरातला नळ पुरता बंद होतो काय?" ते गप्प राहिले आणि विषय मंजूर झाला.

घरातल्या लहानसहान दुरुस्त्या माणसे स्वतःच्या हाताने कितपत चांगल्या करतात, हा आजचा प्रश्न आहे. या प्रश्नाला दोन उत्तरे आयती मिळतात. एक पक्ष म्हणतो, आपल्या पांढरपेशा माणसाच्या हातात कसबच नाही. खिळा ठोकायला गेला तर अंगठा ठेचून येईल. दुसरा पक्ष म्हणतो, त्यात काय मोठेसे आहे? दोन स्क्रू काढायचे नि दोन लावायचे. मी तीसएक वर्षे तांत्रिक शाळेत मुलांना पक्कड आणि पान्हा धरायला शिकविले. त्या अनुभवावरून ही दोन्ही उत्तरे मला चुकीची वाटतात. ज्या कामात झालेली चूक लगेच ओरडून सांगते, त्या कामात माणसे उत्तम तरबेज होतात. मग ती शिकलेली असोत वा नसोत. ज्या कामात चूक मुकी असते, त्या कामात माणसे कच्ची राहतात, आणि तेथे शिकलेलीही कच्चीच राहतात. हा भेद हाताच्या कसबाचा नाही, हे मला आज उदाहरणांनी दाखवावयाचे आहे.

नळाचेच घ्या. जुन्या पद्धतीच्या पितळी नळात एक दांडी असते आणि तिच्या टोकाला रबराची किंवा चामड्याची चकती असते. तिलाच आपण वायसर म्हणतो. तोटी फिरविली की दांडी खाली येते, चकती पाण्याच्या भोकावर दाबून बसते आणि पाणी थांबते. चकती झिजली की नळ ठिबकू लागतो. अशा वेळी आपण काय करतो? तोटी अधिक जोराने आवळतो. चार दिवस बरे वाटते. पण त्या जोराने भोकाची पितळी कडा झिजलेल्या चकतीत आणखी रुतते आणि महिन्याभरात नळाखाली बादली लावून ठेवण्याची पाळी येते. शेवटी कंटाळून हाच गृहस्थ टाकीचा कॉक बंद करतो, नळ उघडतो आणि नवी चकती बसवितो. पहिल्या खेपेस ती वाकडी बसते. कॉक सोडताच पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर येते. दुसऱ्या खेपेस तो ती चूक करीत नाही, आणि तिसऱ्या खेपेस तो आपण होऊन शेजाऱ्याचा नळ दुरुस्त करावयास निघतो. याला कोणी शिकविले? पाण्याने शिकविले. (आता अर्ध्या वळशात बंद होणारे नवे नळ आले आहेत. त्यांत वायसर नसून चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. त्या आवळून काहीच साधत नाही, आतला भागच बदलावा लागतो. जुन्या अनुभवी माणसाचा हात तेथेही सवयीने आवळतच राहतो, ही गोष्ट निराळी.)

बोलक्या चुकीचा याहून सुंदर नमुना सायकलच्या दुकानात पाहावयास मिळतो. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण पंक्चरवाल्याच्या पायरीवर गेले असेल. ट्यूबला पडलेले भोक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. ते भोक मुके असते. पंक्चरवाला काय करतो? ट्यूब फुगवतो आणि पाण्याच्या घमेल्यात थोडीथोडी बुडवीत जातो. बुडबुडे आले की भोक बोलले! मग तो जागा घासतो, सोल्यूशन लावतो, ते सुकू देतो, ठिगळ चिकटवतो. येथपर्यंतचे काम आपणही घरी करतो. पण त्यानंतर तो ट्यूब पुन्हा फुगवून पुन्हा घमेल्यात बुडवतो, ते आपण सहसा करीत नाही. या दुसऱ्या बुडवणीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. कारागीर आणि हौशी माणूस यांत जो खरा फरक आहे तो ठिगळ लावण्यात नाही, या दुसऱ्या बुडवणीत आहे. "चालले म्हणजे झाले" असे हौशी माणूस म्हणतो. कारागीर स्वतःच्या कामावर विश्वास ठेवीत नाही.

सायकलीवरूनच आठवले. आपल्याला सायकल कळते, असे आपण सारेच समजतो. २००६ साली लिव्हरपूल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिबेका लॉसन यांनी लोकांना सायकलीचे अर्धवट चित्र देऊन चौकट, पायडल आणि साखळी काढावयास सांगितले. कित्येकांनी साखळी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांवरून फिरविली. अशा सायकलीचे पुढचे चाक वळणार कसे? ती रस्त्यावर आणली तर सरळ समोरच्या भिंतीतच जाईल. नेहमी सायकल चालविणारांच्या चुका कमी होत्या. पण त्यांच्याही झाल्या. आपण आज घरी गेल्यावर हे करून पाहावे. जिना उतरून सायकल न बघता.

याच्या अगोदर, २००२ साली, अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या लिओनिड रोझनब्लिट आणि फ्रँक कील यांनी याहून मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. कपड्याची चेन, कुलूप, शिवणयंत्र, संडासातील पाण्याची टाकी अशा वस्तू कशा चालतात हे आपणांस कितपत कळते, असे त्यांनी लोकांना विचारले आणि त्यांनाच सातपैकी गुण घ्यावयास सांगितले. लोकांनी गुण सढळ हाताने घेतले. मग त्यांना सांगितले, "आता ही वस्तू कशी चालते ते पायरीपायरीने लिहा." लिहिता लिहिता माणसे अडखळली. पुन्हा गुण घ्यावयास सांगितले तेव्हा त्यांनी आपले गुण आपणच खाली आणले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा भाग पुढेच आहे. एखादी कृती कशी करावी, उदाहरणार्थ बिस्किटे कशी भाजावीत, याविषयी विचारले तेव्हा मात्र गुणांत अशी घसरण दिसली नाही. आपल्याला काय करता येते हे माणूस बरेचसे प्रामाणिकपणे जाणतो. वस्तूच्या पोटात काय चालले आहे याविषयी मात्र तो स्वतःलाच फसवितो. वस्तू डोळ्यांसमोर असते, तिचे भाग दिसतात, ती रोज हाताखाली चालते. एवढ्यावरून ती आपल्याला कळली असा समज होतो.

घरदुरुस्तीतल्या बहुतेक फजित्या या समजातून होतात. त्यांतल्या काही चुका पुरत्या मुक्या नसतात, पण उशिरा बोलतात. आषाढात दरवाजा फुगतो, चौकटीत अडकतो, लागेनासा होतो. घरधनी वैतागून सुताराला बोलावतो. शहाणा सुतार म्हणतो, "साहेब, दिवाळीनंतर बघू." आपण म्हणतो, हा काम टाळतो आहे. मी स्वतः एका वर्षी सुताराचे न ऐकता भर पावसाळ्यात दाराला रंधा मारला. दार झकास लागू लागले, घरात माझी वाहवा झाली. माघात पाहतो तो दार आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट! लाकूड हवेतला दमटपणा पिऊन रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही, आणि कोरड्या हवेत पुन्हा आकसते. पावसाळ्यात तासलेला भाग हिवाळ्यात परत कोठून येणार? माझी चूक बोलली, पण सात महिन्यांनी. तोवर मी आणखी दोघांच्या दारांना रंधा मारून चुकलो होतो.

ओलीचे प्रकरण याहून कठीण. येथे चूक बोलते, पण खोटे बोलते. भिंतीवर ओलीचा डाग जेथे दिसतो तेथेच पाणी शिरत असेल असे आपण धरून चालतो. वस्तुतः पाणी गच्चीच्या एखाद्या भेगेतून शिरते, स्लॅबमधून किंवा विजेच्या तारांच्या नळीतून वाट काढीत दहा-पंधरा फुटांवर जाऊन बाहेर पडते. आपण डाग खरवडतो, लांबी भरतो, वर रंग फासतो. पुढच्या श्रावणात डाग त्याच जागी, किंवा हातभर सरकून, परत हजर होतो. जुन्या वाड्यांतून तर चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविण्याची भारी हौस. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते आणि लोणा आणखी वर चढतो. डागावर रंग लावण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आपल्याकडच्या बाजूस दंव साचले तर ओल खोलीच्या हवेतली आहे. भिंतीकडच्या बाजूस साचले तर ती भिंतीतून येते आहे. हेही पंक्चरवाल्याचे घमेलेच आहे, फक्त भिंतीसाठी केलेले.

आता मी पुरत्या मुक्या चुकीकडे येतो. आणि तिची हकीगत दुसऱ्याच्या घरची नाही, माझ्याच घरची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही कपडे धुण्याचे यंत्र घेतले. त्याचा प्लग तीन पिनांचा होता आणि आमच्या जुन्या घरात न्हाणीघरापाशी जो सॉकेट होता तो दोन पिनांचा. वायरमन चार दिवस आला नाही. मी तांत्रिक शाळेत वीज शिकविणारा मनुष्य; मी त्याची वाट कशाला पाहू? मी तो प्लग कापला, दोन पिनांचा बसविला, आणि तिसरी हिरवी तार उरली तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून टाकली. यंत्र लावले. चालू झाले. आठ महिने सुरळीत चालले. आपल्याकडे तीन पिनांच्या सॉकेटात दोन पिनांचा प्लग घालण्यासाठी वरच्या भोकात काडी खुपसणारे पुष्कळ लोक आहेत. माझे काम त्याच जातीचे होते, जरा नीटनेटके केलेले, इतकेच.

ती हिरवी तार कशासाठी असते? यंत्र चालण्यासाठी तिचा काडीचाही उपयोग नाही, आणि हीच तिची गोम आहे. यंत्राच्या पोटातील एखाद्या तारेचे आवरण झिजले आणि ती पत्र्याला टेकली, तर सबंध पत्रा 'जिवंत' होतो. हिरवी तार त्या पत्र्याला जमिनीशी जोडते. मग बिघाड होताच मोठा प्रवाह त्या वाटेने जमिनीत जातो, फ्यूज उडतो किंवा कळ आपोआप पडते, आणि घरच्या माणसांना बिघाड कळतो. म्हणजे ही तार यंत्राच्या चुकीला वाचा देणारी तार आहे. म्हणूनच आपल्याकडच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये ती पिन इतर दोघींहून जाड आणि लांब असते. ती सॉकेटात सर्वांच्या आधी टेकते आणि सर्वांच्या शेवटी सुटते. मी तीच कापली होती. बिघाड झाला, पत्रा जिवंत झाला, आणि यंत्र मात्र मजेत कपडे धूत राहिले.

पावसाळ्याचे दिवस होते. माझी आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. तिने ओल्या हाताने यंत्राचे झाकण उचलावयास हात घातला आणि ती फेकली गेली. फेकली गेली म्हणून वाचली. हात चिकटून राहिला असता तर आज मी या विषयावर बोलू शकलो नसतो. तिचे मनगट मोडले. दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर ती मला म्हणाली, "अरे, गेल्या महिन्यापासून ते मला चिमटे काढत होते. पण तू बसवलेलेस, म्हटले बरोबरच असणार."

या वाक्याकडे मी नंतर परत येणार आहे. आधी थोडा हिशेब मांडतो, कारण याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आहेत. पुष्कळांना वाटते, आमच्याकडे फ्यूजची तार जाऊन आता आपोआप पडणाऱ्या कळा, म्हणजे एमसीबी, आल्या. आम्ही सुरक्षित झालो. ओल्या अंगाचा विरोध सुमारे हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टवर अंगातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. एवढा प्रवाह हृदय बंद पाडावयास पुष्कळ झाला. पण १६ अँपिअरच्या कळीला तो कसा दिसतो? घरात कोणी पन्नासएक वॅटचा दिवा लावला, असा! ती मुळीच पडत नाही. ती पडावी तरी का? तिची नेमणूक भिंतीतल्या तारा जळू नयेत यासाठी आहे, माणसासाठी नाही.

माणसासाठी निराळे उपकरण असते. त्याला आरसीसीबी म्हणतात. त्याचे काम एखाद्या चोख हिशेबनिसाचे आहे. एका तारेने जितका प्रवाह घरात आला, तितकाच दुसरीने परत गेला पाहिजे. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की कोठेतरी, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, प्रवाह जमिनीत जातो आहे असे समजून ते क्षणार्धात वीज तोडते. ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? जुन्या १५ वॅटच्या 'झिरो'च्या दिव्यातून जो प्रवाह जाई, त्याच्या निम्म्याहूनही कमी. ज्या घरात हे उपकरण नाही त्या घराने ते परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे. मात्र ते बसविले म्हणून हिरवी तार कापावयाची मोकळीक मिळत नाही. हिरवी तार कोणी हात लावण्यापूर्वीच बिघाड उघड करते. ती नसेल तर हे उपकरण कोणाला तरी धक्का बसेपर्यंत थांबते. आणि इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा जेथे असेल तेथे या वैशाखात पाणी घालण्याची आठवण ठेवावी. माती कोरडी पडली की तो खड्डा नावापुरताच उरतो.

टेस्टरविषयीही एक शब्द. टेस्टर पेटला नाही म्हणजे तार मेलेली आहे, असा निष्कर्ष आपण काढतो. पण टेस्टरच बिघडलेला असेल तर? म्हणून जाणता वायरमन तो आधी चालू सॉकेटात घालून पेटतो हे पाहतो, मग कामाच्या जागी लावतो, आणि नंतर पुन्हा चालू सॉकेटात घालून पाहतो. मी त्याला दुसरी बुडवणीच म्हणेन.

घरातल्या स्त्रियांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मिस्त्री दारात येतो आणि विचारतो, "साहेब आहेत का?" साहेबांना काय ठाऊक असते? एका घरचा मिक्सर बंद पडला. साहेबांनी तो पिशवीत घालून दुकानात नेला, चार दिवस ठेवून घेतला म्हणून आणला, पैसे मोजले. बाई पुढच्या वेळी म्हणाल्या, "खाली लाल बटण असते ते दाबा. चटणी घट्ट झाली की ते सुटते." खरेच, मोटरीवर ताण पडला की ते बटण बाहेर येते आणि यंत्र थांबते; थोडे थंड होऊ देऊन दाबले की पुन्हा चालू. प्रेशर कुकरचे झाकण लावण्यापूर्वी शिट्टीखालची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते की नाही हे पाहणारी गृहिणी मुक्या चुकीला बोलते करीत असते. ती नळी तुंबली, तर कमी उष्णतेला वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हाच शेवटचा आधार. तोही वितळून गेला तर त्याच कंपनीचा नवा बसवावा, कसलेतरी बूच मारू नये. शिवणयंत्रावर कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे वेटोळे दिसू लागले, की वरचा दोरा सैल झाला हे तिला न पाहता कळते. हे सारे दुरुस्तीचेच ज्ञान आहे. पण आपण त्याला स्वयंपाक म्हणतो, शिवण म्हणतो; दुरुस्ती म्हणत नाही.

गॅसपुरते एवढेच सांगतो. शेगडी आणि रबरी नळी यांच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे, हे प्रत्येकाने करावे. नळी पाच वर्षांनी बदलावी. रेग्युलेटर मात्र घरी उघडू नये. वास आला तर सिलिंडरकडून येणारा गॅस बंद करावा आणि दारेखिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. विजेचे कोणतेही बटण लावू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

आपण असे का झालो, याचा थोडा विचार केला पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात आपल्या जुन्या गावाची जी मांडणी सांगितली आहे, तीत सुतार, लोहार, चांभार, कुंभार असे बलुतेदार आपापले काम पिढ्यानुपिढ्या करीत. काम उत्तम होई. परंतु त्यात एक गोष्ट कायमची तुटली. ज्याच्या हातात लेखणी होती त्याने हत्याराला हात लावला नाही, आणि ज्याच्या हातात हत्यार होते त्याला कोणी काही विचारले नाही. पहिल्याला 'का' हे लिहिता येत असे, दुसऱ्याला ते दिसत असे. दोघांचे संभाषण कधी झालेच नाही. आज माझ्यासारखा पदवीधर हिरवी तार कापतो आणि शहाण्या सुताराला कामचुकार समजतो, ते याच तुटीचे पुढले टोक आहे, असे मला वाटते.

ही तूट सांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला. तो देशभर रुजला नाही. परंतु १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला आणि शाळेतील मुलांना मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देण्याचा जो उपक्रम सुरू केला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तेथे मुले जोडकाम, बांधकाम, वीज, शेती यांतील कामे नमुन्यापुरती करीत नाहीत, लोकांना लागणारी खरी कामे करतात. आमच्या शाळेत मुलगा विजेचा बोर्ड करी, आम्ही त्याला दहापैकी आठ गुण देत असू आणि तो बोर्ड अडगळीत जाई. त्याची चूक मुकीच राही. गावात बसविलेले काम बिघडले तर गाव येऊन सांगते.

२००९ साली अॅमस्टरडॅम येथे मार्टीन पोस्टमा या बाईंनी 'रिपेअर कॅफे' नावाचा एक उपक्रम सुरू केला. त्याचे लोण आता पुष्कळ देशांत पोचले आहे. लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात आणि जाणता स्वयंसेवक ती फुकट दुरुस्त करण्यास मदत करतो. मात्र वस्तू ठेवून निघून जायचे नसते. मालकाने शेजारी बसायचे असते. असा एक कट्टा आपल्या वाचनालयाच्या पडवीत महिन्यातून एकदा चालविणे अवघड नाही. आजकाल वस्तूच अशा चिकटवून बंद केलेल्या येतात की त्या उघडणेच मुश्कील, ही तक्रार खरी आहे. २०२२ साली केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयासाठी समिती नेमली ती याच कारणाने. पण न उघडणाऱ्या वस्तूंची सबब सांगून उघडणाऱ्या वस्तूही आपण उघडत नाही, हेही तितकेच खरे.

उघडण्यापूर्वी मी आता दोन गोष्टी करतो. ही वस्तू कशी चालते, हे आधी घरातल्या कोणाला तरी तोंडाने सांगतो. सांगताना जेथे अडखळतो तेथे थांबतो आणि जाणत्या माणसाला बोलावतो. दुसरी गोष्ट म्हणजे, माझे हे काम चुकले तर ती चूक मला कशी कळेल, हे स्वतःला विचारतो. पाणी गळेल, दिवा लागणार नाही, फळी कलेल, असे काही उत्तर असेल तर बेधडक काम करतो. 'कळणार नाही' असे उत्तर आले तर पक्कड खाली ठेवतो. आरसीसीबीवर 'टी' असे अक्षर असलेले एक लहान बटण असते. ते दाबले की त्याने घरात अंधार केला पाहिजे. न केला तर ते उपकरण मेलेले आहे. आमच्या घरी ते महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबले जाते आणि त्यावरून दर महिन्याला कुरकुर होते.

आणि आता आईच्या त्या वाक्याकडे येतो. चिमटे महिनाभर बसत होते. म्हणजे चूक अगदी मुकी नव्हती. ती माझ्याशी बोलली नाही, कारण मी त्या यंत्राला हात लावीत नव्हतो. ती जिच्याशी बोलली तिने ती मला सांगितली नाही, कारण मी शिकलेला होतो. तिचे मनगट सांधल्यावर मी तिला विनंती केली, की कोणत्याही वस्तूविषयी काहीही निराळे वाटले तर मला सांगत जा, मी हसणार नाही. ती त्यानंतर अकरा वर्षे होती. "आज मिक्सरचा आवाज जाड येतोय," "पंखा सुरू व्हायला वेळ घेतोय," "या बटणाला कोमट लागतेय," असे ती सांगे आणि मी, कधी चडफडत, वस्तू उघडून पाही. दहांपैकी आठ वेळा काही निघत नसे. ते कोमट बटण मात्र मी उघडले तेव्हा आतली तार सैल होऊन काळी पडलेली होती.